लॅप कोलीच्या व्हिडिओवरून रेसिडेंटचा हात तपासणे : युनिटच्या नोंदी

सरकारी मेडिकल कॉलेज, जनरल सर्जरीचं एक युनिट. आपल्याकडे हे करून बघायचं असेल त्यांच्यासाठी या नोंदी. थिअरी पुस्तकात मिळेल. इथे काय अडलं आणि किती पैसे गेले ते आहे.

१६ जून २०२५, सोमवार

युनिट मीटिंगमध्ये ठरलं. लॅप कोली (दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन) रेकॉर्ड करायच्या आणि त्यावरून रेसिडेंटना (सर्जरी शिकणाऱ्या पीजी डॉक्टरांना) मार्क द्यायचे. लॉगबुकात ‘ओ’, ‘ए’, ‘पी’ यांपैकी एक अक्षर येतं आणि खाली गाइडची सही. ‘ओ’ म्हणजे ऑब्झर्व्ह्ड, नुसतं बघितलं; ‘ए’ म्हणजे असिस्टेड, मदत केली; ‘पी’ म्हणजे परफॉर्म्ड, स्वतः केलं. कसं केलं याला रकानाच नाही. मग ‘त्याचा हात चांगला आहे’, ‘हिला जरा वेळ लागेल’ हे ओटीबाहेर (ऑपरेशन थिएटरबाहेर) चहा पिताना ठरतं, आणि तेही बहुतेक वेळा परवाच्या एका केसवरून.

मीटिंगमध्ये मिशिगनच्या अभ्यासाचा दाखला दिला. २०१३ साली तो छापून आला. २० बेरियाट्रिक सर्जन, प्रत्येकाचा एक व्हिडिओ, नाव झाकून सहकाऱ्यांनी मार्क दिलेले. तळाच्या चौथाईतल्या सर्जनांच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के, वरच्या चौथाईत ५.२ टक्के. हे सगळे मुरलेले सर्जन होते. एवढा फरक एका व्हिडिओत दिसत असेल तर जेआरच्या (ज्युनिअर रेसिडेंटच्या) बाबतीत न दिसण्याचं कारण नाही, असं आमचं म्हणणं.

लॅप कोलीच का? एक तर कॅमेरा आधीच पोटात असतो, वेगळा लावायला नको. दुसरं, आमच्या लिस्टवर पित्ताशयाचे खडे कधी संपत नाहीत. (देशातली पहिली लॅप कोली १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडियांनी केली. आज तीच केस जेआर-टूला, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला देतात.)

मार्कांसाठी ‘गोल्स’ घेतलं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिलमध्ये तयार झालेलं, २००५ चं. पाच मुद्दे : खोलीचा अंदाज, दोन्ही हातांचा मेळ, कामातली सफाई, ऊतींची हाताळणी, स्वतःहून काम करणं. प्रत्येकाला १ ते ५, एकूण २५. टोरांटोचं ‘ओसॅट्स’ याहून जुनं, पण गोल्स लॅपसाठीच बनवलेलं आहे आणि एका पानात मावतं.

२० जून, शुक्रवार

लॅपच्या टॉवरच्या (कॅमेरा युनिट, लाइट आणि मॉनिटर ठेवलेल्या ट्रॉलीच्या) मागे वाकून बघितलं. कॅमेरा युनिटला एस-व्हिडिओ, डीव्हीआय आणि एसडीआय अशी तीन आउटपुटं. टॉवरवर स्वतःचा रेकॉर्डर आहे, पण तो रुग्णाचं नाव आणि नंबर चित्रावरच छापतो आणि तो पर्याय बंद करायचा पासवर्ड कुणाकडे नाही. म्हणून रेकॉर्डर बाद. लॅपटॉप आणि कॅप्चर कार्ड घ्यायचं ठरलं.

आधी स्वस्तातलं, एस-व्हिडिओ घेणारं कार्ड आणलं. हजाराच्या आतलं. चित्र धुरकट, लाल रंग गुलाबी. चरबी कुठे संपते आणि सिस्टिक डक्ट (पित्ताशयाची नळी) कुठे सुरू होते हेच कळेना. ते परत केलं. मग एचडीएमआय घेणारं बऱ्यापैकी कार्ड, नऊ हजारांच्या आसपास, आणि डीव्हीआय ते एचडीएमआय केबल चारशेची. पैसे आम्ही तिघांनी खिशातून घातले. इंडेंट (सरकारी खरेदीची मागणी) टाकला असता तर पुढच्या बॅचला कार्ड दिसलं असतं.

बायोमेडिकलचे इंजिनिअर येऊन एक गोष्ट सांगून गेले. ओटीत टॉवरला जोडलेला लॅपटॉप साध्या चार्जरवर चालवायचा नाही, गळतीच्या करंटचा प्रश्न येतो. एक तर टॉवरच्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरून पुरवठा घ्या, नाहीतर बॅटरीवर चालवा. आम्ही बॅटरी निवडली. जुन्या लॅपटॉपची बॅटरी कोली संपेपर्यंत टिकत नाही हे पहिल्याच केसला कळलं. नवी बॅटरी, आणखी तीन हजार.

३० जून, सोमवार

फाइलींनी आठवडा खाल्ला.

पहिला घोळ : एक्स्टर्नल ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला होता. त्यावर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. १०८० पी, आठ मेगाबिटला तासाला सुमारे ३.६ जीबी होतात. छोट्या केसला काही कळलंच नाही. अवघड, लांबलेल्या केसचं रेकॉर्डिंग मात्र नेमकं क्लिप (नळी बंद करायची चिमटी) लावायच्या वेळी थांबलं. ड्राइव्ह एक्स-फॅट केला, प्रश्न मिटला.

दुसरा घोळ याहून वाईट. ओबीएस स्टुडिओत (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) एमपी-४ निवडलं होतं. मामांनी (ओटीच्या अटेंडंटनी) लादी पुसताना टॉवर सरकवला, केबल ओढली गेली, लॅपटॉप बंद पडला. रेकॉर्डिंग मधेच तुटलं की एमपी-४ ची अख्खी फाइल उघडत नाही, एमकेव्ही निदान तिथपर्यंत तरी राहते. आता एमकेव्हीतच रेकॉर्ड करतो आणि नंतर ओबीएसमधूनच एमपी-४ करून घेतो. त्याला मिनिटही लागत नाही.

शिवाय लॅपटॉपचं स्लीप मोड, स्क्रीन सेव्हर आणि आपोआप होणारं अपडेट, तिन्ही बंद करा.

९ जुलै, बुधवार

आज कॅमेऱ्याने जे नको ते दाखवलं.

स्कोपवर (पोटात घातलेल्या दुर्बिणीवर) वाफ धरते, तो बाहेर काढतात, गरम पाण्यात बुडवतात, पुसतात. तेवढ्या वेळात कॅमेरा ओटीभर फिरतो. आजच्या फाइलमध्ये सिस्टरांचा चेहरा आहे, भिंतीवरचा ओटी लिस्टचा फळा आहे आणि त्यावर रुग्णाचं नाव, वय, बेड नंबर स्वच्छ वाचता येतो. लॅपटॉपचा माइकही चालू राहिला होता. भूल देणारे डॉक्टर फोनवर कुणाशी तरी फ्लॅटच्या ताब्याबद्दल बोलतायत, ते सगळं रेकॉर्ड झालंय.

माइक ओबीएसमधूनच काढून टाकला. स्कोप बाहेर आला की पॉजचं बटण दाबायचं असं ठरवून पाहिलं, पण पॉज केलं की परत चालू करायला सगळे विसरतात आणि पुढची डिसेक्शन (ऊती सोडवण्याचं काम) हातची जाते. म्हणून आता सलग रेकॉर्ड करतो आणि बाहेरचा प्रत्येक तुकडा नंतर कापतो. कापण्याआधी ती फाइल कुणालाही दाखवायची नाही, हा नियम भिंतीवर लावलाय.

संमतीपत्रात वेगळा परिच्छेद घातला, साध्या मराठीत : पोटाच्या आतलं चित्र घेतलं जाईल, चेहरा किंवा नाव नसेल, शिकवण्यासाठी वापरलं जाईल, नको असेल तर नाही म्हणा, ऑपरेशनवर काही फरक पडणार नाही. एका आजींच्या मुलाने सही करण्याआधी विचारलं, ‘डॉक्टर, मोबाइलवर फिरणार नाही ना?’ प्रश्न अगदी बरोबर होता. रेसिडेंटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मॉनिटरचे मोबाइलने घेतलेले व्हिडिओ कधीपासून फिरतायत, हे युनिटमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. मीटिंगमध्ये ते बंद करायला सांगितलं. किती बंद झाले ते बघू.

२५ जुलै, शुक्रवार

एथिक्स कमिटीने कागद परत पाठवले. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या : फाइल कुणाच्या ताब्यात, किती दिवस, आणि रेसिडेंटचीही संमती घेतली का? तिसरा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता. व्हिडिओ रुग्णाच्या पोटाचा असला तरी परीक्षा रेसिडेंटच्या हाताची होते.

रेसिडेंटना एकत्र बसवलं. जेआर-थ्रीने सरळ विचारलं, ‘सर, उद्या बाइल लीक (पित्ताची गळती) झाला आणि कोर्टात केस गेली तर हा व्हिडिओ माझ्याविरुद्ध जाईल का?’ खोटा दिलासा दिला नाही. गुंतागुंत झाली की त्या केसचा व्हिडिओ डिलीट करायचा, असं करता येत नाही. तसं केलं तर पुरावा नष्ट केल्यासारखं दिसेल आणि ते जास्त महागात पडेल. ठरलं ते असं : मार्कांसाठी फक्त कापलेला, नंबर दिलेला तुकडा वापरायचा, नंबर आणि केसची यादी एचओडी (विभागप्रमुख) मॅडमच्या कपाटात, ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला, आणि ठरावीक मुदतीनंतर सगळंच पुसायचं, निवडक काही नाही. मुदत आधीच लिहून ठेवायची.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मार्क देण्याची पहिली फेरी फसली.

पूर्ण व्हिडिओ दिले होते. कुणीच शेवटपर्यंत बघितले नाहीत. एका सरांनी ओपीडीत पेशंट बघता बघता व्हिडिओ चालू ठेवला आणि सगळ्यांना सगळ्यात ४ देऊन टाकले. म्हणून आता फक्त कॅलॉट्स ट्रँगलची (पित्ताशयाच्या मानेजवळच्या त्रिकोणाची, जिथे सिस्टिक डक्ट सुटी करतात) डिसेक्शन ठेवतो, पित्ताशय धरल्यापासून पहिल्या क्लिपपर्यंत. पोर्ट घालणं, लिव्हर बेडवरून पित्ताशय सोडवणं, बॅगेत घालून काढणं, सगळं उडवलं.

‘स्वतःहून काम करणं’ हा मुद्दाही गळला. आवाज बंद असताना रेसिडेंटने स्वतः ठरवलं की मागून सरांनी ‘अजून वर, अजून वर’ म्हटलं, हे कळणार कसं? तो मुद्दा ओटीत उभ्या असलेल्या माणसानेच भरायचा. व्हिडिओवर चार मुद्दे, एकूण २०.

सगळ्यात मोठी अडचण : हात कुणाचा? एका तुकड्यातली सगळ्यात देखणी दोन मिनिटं माझी निघाली. केस अडली तेव्हा मी ग्रास्पर (धरायचा लांब चिमटा) हातात घेतला होता आणि मार्क जेआरला पडले. लॅपचं चित्र गोल असतं, चार कोपरे काळे राहतात. ओबीएसमध्ये एका कीवर कोपऱ्यात लाल ठिपका येईल असं केलं. कन्सल्टंटने हात घेतला की सर्क्युलेटिंग सिस्टर ती की दाबतात, परत दिला की पुन्हा दाबतात. एडिट करताना ठिपक्याचा भाग कापतो आणि कोपरा काळ्या पट्टीने झाकतो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले. एकात पित्ताशय निळसर, पातळ, कुठे काही चिकटलेलं नाही. दुसऱ्यात ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा) चिकटलेलं, भिंत जाड, मानेत खडा अडकलेला. पहिल्याला १७, दुसऱ्याला १२. पहिला जेआर-टूचा, दुसरा जेआर-थ्रीचा. हे आकडे तसेच लॉगबुकात गेले असते तर जेआर-थ्रीने पुढच्या वेळी सोपी केसच मागितली असती, आणि त्याचं चुकलं असतं असंही म्हणता येणार नाही.

आता केस किती अवघड होती ते सांगणारी पार्कलँड ग्रेड लिहितो. स्कोप आत गेल्यावर काहीही सोडवण्याआधी पित्ताशयाचा फोटो घ्यायचा, त्यावरून १ ते ५. १ म्हणजे साधं, ५ म्हणजे सडलेलं, फुटलेलं किंवा चिकटण्यात दिसेनासं झालेलं. मार्कांच्या शेजारी ग्रेड नसेल तर तो आकडा कुठे लिहायचाच नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

गणपतीत लिस्ट पातळ होती. तेवढ्यात जमलेले तुकडे बघून घेतले.

जेआर-टूचा एक तुकडा मी आणि तिने मिळून बघितला. उजव्या हातातलं हूक (विजेने कापणारा आकडा) छान चालतंय. पेरिटोनियम (वरचा पातळ पडदा) आधी मागून, मग पुढून उघडलं, हूकचं टोक कायम दिसतंय, कॉटरी थोडी थोडी. ओटीत मी तिला ‘छान’ म्हटलं होतं. आवाज नसताना नजर डाव्या हाताकडे गेली. डाव्या ग्रास्परने हार्टमन्स पाउच (पित्ताशयाच्या मानेजवळचा फुगवटा) धरलाय आणि तो सरळ वर, डोक्याच्या दिशेने ओढला जातोय. फंडस (पित्ताशयाचं दुसरं, रुंद टोक) असिस्टंटने आधीच वर ढकललेला, त्यात पाउचही वर. त्यामुळे सिस्टिक डक्ट आणि कॉमन डक्ट (यकृताकडून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनळी) एका रेषेत आल्या, मधला कोन मिटला. कॉमन डक्टला सिस्टिक समजून क्लिप लावली जाते ती अशाच चित्रात. पाउच बाहेर आणि खाली, रुग्णाच्या उजव्या पायाच्या दिशेने ओढला की तोच कोन उघडतो. मधे एकदा ग्रास्पर निसटला, तिने परत धरला तो अपघाताने जरा बाजूला, आणि काही सेकंद ट्रँगल पुस्तकातल्यासारखा दिसला. मग पुन्हा वर.

तिने स्वतःच रिमोट घेतला, मागे नेलं, तेवढाच भाग परत बघितला. म्हणाली, ‘सर, डावा हात झोपलाय माझा.’ ओटीत हे कुणीच बोललं नव्हतं, कारण ओटीत सगळे हूककडे बघतात. मीही.

तिला ‘दोन्ही हातांचा मेळ’मध्ये २ मिळालेत आणि बाकी सगळ्यात ४. एकूण १४. या १४ मधून तिला काहीच कळलं नसतं. म्हणून फॉर्ममध्ये मार्कांच्या खाली एक ओळ सक्तीची केली : कोणत्या मिनिटाला, काय वेगळं करायला हवं होतं. ती ओळ रिकामी असेल तर फॉर्म परत.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दुसऱ्या एका तुकड्याला २० पैकी १८. हात सुरेख. पण क्लिप लावली तेव्हा क्रिटिकल व्ह्यू (क्लिप लावण्याआधी दिसायलाच हवं ते चित्र) तयारच नव्हता. स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये सांगितलेल्या तीन अटी : ट्रँगलमधली चरबी आणि तंतू साफ, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग लिव्हरपासून सुटलेला, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना. यात दुसरी अट अर्धीच झाली होती. सुदैवाने डक्ट सिस्टिकच होती.

म्हणजे गोल्स हात मोजतं, निर्णय मोजत नाही. सफाईदार हाताने चुकीची पायरी केली तरी मार्क भरघोस. आता फॉर्मच्या वरच तीन चौकोन आहेत, होय किंवा नाही. पुढून आणि मागून असे दोन फोटो व्हिडिओतून काढून जोडायचे. तीनपैकी एकही ‘नाही’ असेल तर मार्क लिहायचेच नाहीत, आधी त्यावर बोलायचं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

परीक्षकांची तंटामुक्ती.

आमच्यात एक सर कडक, एक सढळ. त्याच तुकड्याला एकाचे ९, दुसऱ्याचे १५. सगळे एकत्र बसलो, दोन तुकडे थांबवत थांबवत बघितले आणि ‘३ म्हणजे काय’ ते आपल्या शब्दांत लिहिलं. ऊतींच्या हाताळणीत ३ म्हणजे ‘ग्रास्पर अधूनमधून सुटतो, थोडं ओरखडतं, पण फाटत नाही’. खोलीच्या अंदाजात १ म्हणजे ‘टोक दर वेळी पुढे जातं किंवा मागे राहतं, हवेत चाचपडतं’. यानंतर आकडे जवळ आले, एक झाले नाहीत.

मग गंमत म्हणून काही जुने तुकडे नवा नंबर देऊन पुन्हा पाठवले. कडक सरांनी स्वतःच्याच जुन्या मार्कांपेक्षा जास्त दिले. दाखवल्यावर म्हणाले, ‘त्या दिवशी मी रात्री बारानंतर बघितलं असणार.’ फॉर्मवर आता बघितल्याची वेळही लिहितो.

नाव झाकण्याचा फारसा उपयोग नाही. आपल्या पोरांचा हात आपण ओळखतोच, ‘हा तर त्याचाच हूक’. म्हणून दुसऱ्या युनिटच्या मॅडमना तिसऱ्या परीक्षक म्हणून घेतलं. त्यांचे मार्क आमच्यापेक्षा कमी येतात.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हर्नियासाठी डोक्यावरचा अॅक्शन कॅमेरा लावून बघितला. ओटी लाइटमुळे जखमेच्या जागी पांढरा डाग. एक्स्पोजर हाताने कमी करून लॉक केल्यावर मेश (हर्नियात बसवायची जाळी) दिसायला लागली, पण मान जरा वळली की चित्र ड्रेपवर (रुग्णावरच्या चादरीवर), आणि बाकीचा वेळ असिस्टंटचं डोकं. घातलेल्याची मान दुखली ती वेगळी. ओपन सर्जरी सध्या बंद. कुणाच्या ओटी लाइटमध्ये कॅमेरा असेल तर त्यांनी करून बघावं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

रेसिडेंट बरेच दिवस मागत होते, आज झालं : कन्सल्टंटचे तुकडे नंबर देऊन त्याच ढिगात मिसळले. माझ्या ग्रेड-४ च्या एका केसला दुसऱ्या युनिटच्या मॅडमनी ‘कामातली सफाई’मध्ये २ दिले. शेरा : ‘चौथ्या मिनिटापासून सक्शन आणि हूक यांची नुसती अदलाबदल, पुढे काहीच होत नाही.’ व्हिडिओ उघडला. चौथं मिनिट. खरं आहे.

एचओडी मॅडमना हे मार्क इंटर्नल असेसमेंटमध्ये धरायचे होते. मी आणि कडक सरांनी विरोध केला. परीक्षक बदलला की आकडा हलतो, केस बदलली की हलतो, आणि मार्क धरले की रेसिडेंट चांगलेच व्हिडिओ पुढे करणार. बरीच वादावादी झाली. तूर्त ठरलं : आकडे रेसिडेंट आणि गाइड यांच्यातच राहतील. लॉगबुकात फक्त केसची ग्रेड, तीन चौकोन आणि ती एक ओळ जाईल. मॅडम सहा महिन्यांनी पुन्हा विचारणार आहेत.

आतापर्यंतचा खर्च, बॅटरी आणि चार टीबीचे दोन ड्राइव्ह धरून, पस्तीस हजारांच्या आत. वेळ सगळा एडिटिंगला जातो, एका केसला साधारण पाऊण तास. ते काम इंटर्नना द्यायचा विचार होता, पण न कापलेली फाइल इंटर्नच्या हातात देता येत नाही, म्हणून सध्या मीच कापतो. सोमवारी नव्या फॉर्मच्या शंभर प्रती झेरॉक्सला जातील. ‘बघितल्याची वेळ’ हा रकाना अजून हातानेच लिहावा लागतोय, तो त्यात छापून घ्यायचाय.